ताटातले आणि बाटलीतले



‘त्यांना बीपी आहे’ असे मराठीत सर्रास म्हटले जाते आणि ऐकणाऱ्याला ते खटकतही नाही. वास्तविक बीपी प्रत्येक जिवंत माणसाला असते. ज्याला ते नसते त्याला डॉक्टरची गरज उरत नाही, मृत्यूचा दाखला देणाऱ्या कारकुनाची लागते. ‘त्यांना शुगर आहे’ हा त्याच जातीचा प्रयोग. पण या बोलण्यात एक गैरसमज दडलेला आहे. रक्तदाब ही ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी गोष्ट नाही, ती ‘किती’ अशी गोष्ट आहे. १४०/९० ही रेघ वैद्यकाने सोयीसाठी आखली. शरीराला तिची खबर नसते. दहा लाख प्रौढांची, ६१ अभ्यासांतून गोळा झालेली माहिती २००२ साली एकत्र मांडली गेली. त्यात दिसले ते असे: ४० ते ६९ या वयात ११५/७५ च्या पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला, की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. ११५ चा १३५ झाला, दुप्पट. १३५ चा १५५ झाला, मूळच्या चौपट. चढण सलग आहे, मध्ये पायरी कुठेच नाही.

अशा चढणीवर उभ्या असलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य त्याच्या ताटावर आणि राहणीवर किती अवलंबून असते? आणि ताटातल्या कशावर? सध्या या दुसऱ्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देण्याची चाल आहे: अँटिऑक्सिडंट. आवळ्याच्या रसाच्या बाटलीवर तो शब्द असतो, ग्रीन टीच्या डब्यावर असतो, काळ्या चॉकलेटवर असतो आणि रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या निरोपांत तर असतोच. शब्द खोटा नाही. पण त्याच्या आधाराने जेवढे सांगितले जाते तेवढे खरे आहे का, हे तपासायला थोडे मागे जावे लागते.

दाबाला कोणी आवर घातला नाही तर काय होते, याचा सर्वांत प्रसिद्ध आलेख अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा आहे. मार्च १९४४ मध्ये नौदलातील तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले, तेव्हा आकडा १८६/१०८ होता. उपाय काय केले? डिजिटॅलिस, गुंगीचे फेनोबार्बिटल, कमी मीठ, विश्रांती, कमी सिगारेटी. आकडा चढतच राहिला. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज या गावी चित्रकारासमोर बसलेले असताना त्यांचे डोके असह्य दुखू लागले. दाब ३००/१९० पर्यंत गेला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दुपारी ते वारले. वय ६३. जगातले उत्तमोत्तम डॉक्टर दाराशी उभे होते, पण त्यांच्या पेटीत औषधच नव्हते. शिवाय त्या काळच्या अनेक डॉक्टरांची अशी समजूत होती, की अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलायला वाढलेला दाब आवश्यकच असतो, त्याला हात लावू नये.

औषध पुढच्या काही वर्षांत आले आणि त्यातल्या एकाची वाट मुंबईवरून गेली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकात सर्पगंधेच्या मुळावरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. आपल्याकडे वैद्यांना सर्पगंधा शतकानुशतके ठाऊक होती आणि बिहार-बंगालकडे ती वेडाच्या झटक्यावर देत. वकिलांच्या लेखानंतर पाश्चात्त्य डॉक्टर तिच्याकडे वळले, १९५२ मध्ये तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण दाब उतरला म्हणजे आयुष्य वाढलेच, असे म्हणता येते का? त्याचे उत्तर १९६७ मध्ये मिळाले. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला औषधे दिली, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले, औषधाच्या गटात दोघांवर. तीन औषधे होती, त्यातले एक रेसर्पिन.

आहाराची गोष्ट सुरू करण्याआधी ही हकिगत सांगणे भाग आहे. उच्च रक्तदाबाच्या माणसाचे आयुष्य वाढते हे निर्विवादपणे सर्वांत आधी सिद्ध झाले ते गोळ्यांनी. आवळा, पेरू, चालणे यांची बाजू मांडणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहून मग पुढे जावे.

आता त्या शब्दाकडे. चिरलेले सफरचंद तांबूस पडते, दाण्याचे कूट खवट होते, उघड्यावरचा विळा गंजतो. या सगळ्यांच्या मुळाशी ऑक्सिडीकरण आहे, म्हणजे एका रेणूने दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन हिरावून घेणे. शरीरात प्राणवायू वापरला जातो तिथे काही रेणू अर्धवट, एकट्या इलेक्ट्रॉनसह मागे राहतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढायचा, हा त्यांचा स्वभाव. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचे मूळच या मूलकांत असल्याची कल्पना मांडली. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड नावाच्या मूलकाला निकामी करणारे विकर सापडले आणि शरीर या धुमाकुळापुढे निःशस्त्र नाही हे कळले. जो रेणू स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि तरीही शांत राहतो, तो अँटिऑक्सिडंट. सफरचंदाच्या फोडीवर लिंबू पिळले की ती पांढरी राहते, तेव्हा क जीवनसत्त्व हेच काम करत असते.

याचा रक्तदाबाशी संबंध काय? धमनीला आतून पेशींचे एकेरी अस्तर असते. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांना प्रयोगात दिसले, की अस्तर शाबूत असलेली धमनीची पट्टी एका औषधाने सैल पडते आणि अस्तर खरवडून काढले की तीच पट्टी त्याच औषधाने आवळते. म्हणजे सैल पडण्याचा निरोप अस्तराकडून येतो. तो निरोप्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला. जन्मतो आणि काही सेकंदांत विरतो. या शोधाच्या साखळीला १९९८ चे नोबेल मिळाले. फर्चगॉट यांच्याबरोबर इग्नारो आणि मुराद हे त्याचे मानकरी. आता खरी गोम अशी, की सुपरऑक्साइड या निरोप्याला वाटेतच गाठून नष्ट करते. दाब वाढवणारे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक धमनीच्या भिंतीत सुपरऑक्साइडची निर्मिती वाढवते. सुपरऑक्साइड वाढले की नायट्रिक ऑक्साइड घटते, धमनी आवळते, दाब वाढतो आणि वाढलेला दाब अस्तराला आणखी जखमी करतो. पुन्हा मूलक वाढतात. चक्र सुरूच.

मग उपाय उघड आहे, नाही का? मूलक हे चोर, अँटिऑक्सिडंट हे पोलीस. पोलीस वाढवा. रोज एक गोळी घ्या, धमनी सैल पडेल, दाब उतरेल, आयुष्य वाढेल. तर्क इतका सरळ आहे की त्यात चूक असेल असे कोणाच्या मनातही येऊ नये. वैद्यकात असल्या तर्कांना फार जपून राहावे लागते.

गोळ्यांच्या बाजूने उभे राहिलेले लोक सामान्य नव्हते. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये क जीवनसत्त्वावर पुस्तक लिहिले आणि स्वतः ते भल्या मोठ्या मात्रेत घेत राहिले. ते ९३ वर्षे जगले, हेही त्यांच्या अनुयायांना पुरावा वाटते. एका माणसाचे दीर्घायुष्य हा मात्र कशाचाच पुरावा नसतो. गावोगावी तपकीर ओढून नव्वदी गाठलेल्या आज्या सापडतात.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षे बीटा कॅरोटिन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा पोकळ गोळ्या दिल्या. गाजर आणि हिरव्या भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे आधी दिसले होते, म्हणून अपेक्षा मोठी होती. १९९४ मध्ये निकाल लागला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आणि एकूण मृत्यू ८ टक्क्यांनी जास्त. ई जीवनसत्त्वाने आयुष्य वाढले नाही आणि ते घेणाऱ्यांत मेंदूतील रक्तस्रावाने झालेले मृत्यू जास्त भरले. वाढलेल्या रक्तदाबाच्या माणसाने हे शेवटचे वाक्य विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ज्या संकटाची त्याला सर्वाधिक धास्ती त्याच्याच बाजूला ही गोळी झुकलेली दिसली. संशोधकांना स्वतःच्या निकालावर विश्वास बसेना. पण १९९६ मध्ये अमेरिकेत १८,३१४ धूम्रपींवर आणि ॲस्बेस्टॉसच्या कामगारांवर चाललेली तशीच चाचणी ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. तिथे बीटा कॅरोटिनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले होते. कर्करोग २८ टक्के जास्त, मृत्यू १७ टक्के जास्त.

कोणी म्हणेल, ही माणसे सिगारेट ओढणारी, त्यांचे सगळेच उलटे. मग २००२ मध्ये जाहीर झालेली ब्रिटनची चाचणी पाहावी. हृदयविकार, धमनीविकार किंवा मधुमेह असलेल्या २०,५३६ लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षे रोज ई, क आणि बीटा कॅरोटिन दिले, निम्म्यांना पोकळ गोळ्या. गोळ्या अंगी लागल्या नाहीत असेही म्हणायची सोय नाही. रक्तातले ई दुप्पट झाले, क एक तृतीयांशाने वाढले, बीटा कॅरोटिन चौपट झाले. आणि झटके? पक्षाघात? मृत्यू? कशातही फरक नाही. दोन्ही गटांत लोक सारखेच आजारी पडले, सारखेच मेले.

कुठे चुकले? एक तर सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांची गाठ इतक्या वेगाने पडते, की क जीवनसत्त्वाला मध्ये शिरायला फुरसतच मिळत नाही. पोलीस भरपूर आहेत, पण चोरी पोलीस पोहोचण्याआधी उरकते. दुसरे, मूलक हे निव्वळ चोर नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांच्याच बळावर जंतू मारतात आणि पेशी-पेशींतले कितीतरी निरोप त्यांच्यामार्फत जातात. जर्मनीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग इथे फार बोलका आहे. तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, त्यातल्या निम्म्यांना क आणि ई च्या गोळ्या दिल्या. व्यायामाने स्नायूंत मूलक वाढतात. ते वाढले म्हणूनच स्नायूंनी आपली स्वतःची संरक्षक फळी उभारली आणि इन्सुलिनला ते अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्यात हा लाभ झालाच नाही. शरीराला थोडी चिथावणी हवी असते. गोळीने ती गिळून टाकली.

इथवरची गोष्ट थोडक्यात अशी: मूलकांचा आणि रक्तदाबाचा संबंध खरा, गोळ्यांचा उपाय फोल. मग भाज्या-फळे खाणारे जास्त जगतात हे जे वारंवार दिसते, ते काय आहे?

ताटाची कथा १९३९ पासून सुरू करावी लागते. जर्मनीतून अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात आलेले वॉल्टर केम्पनर मूत्रपिंडाच्या आणि अतिरक्तदाबाच्या रुग्णांना विलक्षण आहार देत. भात, फळे, फळांचा रस आणि साखर. मीठ जवळपास शून्य. सांगतात ते असे, की नॉर्थ कॅरोलायनातील एका तरुणीला त्यांनी दोन आठवड्यांनी परत यायला सांगितले आणि जर्मन उच्चारांमुळे ती दोन महिन्यांनी परत आली. तोवर ती तोच आहार घेत होती, आणि तिचा दाब कमालीचा उतरलेला होता. रूझवेल्ट यांच्या काळात हाती असलेला हा बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय. गंमत अशी, की आजच्या आरोग्यविषयक सल्ल्यात ज्यांना खलनायक केले आहे तो पांढरा भात आणि ती साखर त्यात होती. नव्हते ते मीठ. मात्र तो आहार जन्मभर कोण घेणार?

माणसाला खाता येईल असा आहार १९९७ मध्ये तपासून झाला. ४५९ प्रौढांना आठ आठवडे सगळे जेवण पुरवले. मीठ तिन्ही गटांत सारखेच, वजनही बदलू दिले नाही. पहिल्या गटाला नेहमीचे अमेरिकी जेवण. दुसऱ्याला त्यात भरपूर फळे-भाज्या. तिसऱ्याला फळे-भाज्या, शिवाय कमी स्निग्धांशाचे दूध-दही, सबंध धान्ये, कवचाची फळे आणि कमी चरबी. तिसऱ्या आहाराचे नाव डॅश पडले. ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा नेहमीच्या जेवणाच्या तुलनेत ११ च्या वर उतरला, खालचा साडेपाचने. एखादी गोळी सुरू केल्यावर उतरावा तेवढा, आणि तोही दोन आठवड्यांत. पुढच्या प्रयोगात मीठही कमी केले, तेव्हा तो आणखी खाली आला.

मग हे अँटिऑक्सिडंटने झाले का? त्या ताटात ती होती हे खरे. पण त्याच ताटात पोटॅशियम होते, मॅग्नेशियम होते, चोथा होता, हिरव्या पानांतले नायट्रेट होते. पोटॅशियम मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला लावते आणि धमनीच्या स्नायूला सैल करते. नायट्रेटची कहाणी तर फारच गमतीची. पालक किंवा बीट खाल्ले की त्यातले नायट्रेट रक्तात जाते, तिथून लाळेत उतरते, जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जंतू त्याचे नायट्राइट करतात, ते गिळले जाते आणि शरीरात त्याचे नायट्रिक ऑक्साइड होते. फर्चगॉटचा निरोप्या मागच्या दाराने घरात येतो. लंडनमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज पाव लिटर बिटाचा रस दिला तेव्हा वरचा आकडा सुमारे आठने उतरला. आणि जंतुनाशक द्रवाने रोज चूळ भरून जिभेवरचे ते जंतू मारले, तर दाब थोडा वाढतो. जंतू म्हणजे शत्रू असे शाळेत शिकलेल्यांना हे पचायला जड जाते.

म्हणून अँटिऑक्सिडंट हा शब्द त्या ताटावरच्या खुणेसारखा धरावा. जिथे रंग, तुरटपणा, आंबटपणा आणि ताजेपणा असतो तिथे अँटिऑक्सिडंट असतात, आणि तिथेच बाकीचे मदतनीसही असतात. खूण खरी, पण खूण सुटी काढून बाटलीत भरली की मदतनीस मागे राहतात. अमेरिकेच्या कृषी विभागाने एके काळी परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट शक्तीची कोष्टके प्रसिद्ध केली होती. कंपन्यांनी त्या आकड्यांची इतकी जाहिरात केली, की २०१२ मध्ये विभागाने कोष्टके काढूनच टाकली. परीक्षानळीतली शक्ती माणसाच्या धमनीत चालतेच असे नाही.

गेल्या काही वर्षांत संशोधकांनी एक निराळी वाट धरली आहे. एकच जीवनसत्त्व मोजण्याऐवजी माणसाचा सगळा जमाखर्च मांडायचा. जमेच्या बाजूला क, ई, कॅरोटिन, चोथा, मॅग्नेशियम, जस्त, सेलेनियम आणि व्यायाम. खर्चाच्या बाजूला तंबाखू, दारू, लठ्ठपणा, जादा चरबी आणि लोहसुद्धा, कारण लोह मूलकांना चेतवते. याला ऑक्सिडीकरण समतोलाचा गुणांक म्हणतात. बेल्जियममधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर २००२ मध्ये त्याचे पहिले लहान रूप वापरले गेले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य-पोषण पाहणीतील माहिती मृत्यूच्या नोंदींशी जोडून तो अनेकदा मोजला गेला, रक्तदाब वाढलेल्यांचाही. कल साधारण एकाच दिशेचा: गुण जास्त त्यांच्यात पुढच्या वर्षांतले मृत्यू कमी.

टाळ्या वाजवण्याआधी थोडे थांबलेले बरे. या पाहणीत माणसाला विचारतात, काल काय खाल्लेत? एक-दोन दिवसांच्या जेवणावरून दहा वर्षांचे ताट ताडायचे. लग्नसराईत आपल्याकडे असे विचारले तर सगळा महाराष्ट्र जिलबीवर जगतो असे निघेल. शिवाय जास्त फळे कोण खातो? ज्याला परवडतात तो. जो गोळ्या वेळेवर घेतो, दाब मोजून घेतो, ज्याच्या घराशेजारी चालायला मोकळी जागा आहे तो. आणि जो आधीच आजारी आहे त्याचे खाणे-फिरणे आजारानेच कमी केलेले असते. गणिताने हे फरक वजा करतात, पण सगळे वजा होत नाहीत. अशा पाहणीतून ‘कोण जास्त जगतो’ हे कळते. ‘काय केल्याने’ हे तिच्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. बीटा कॅरोटिनबद्दल हीच घाई झाली होती.

तरी त्या गुणांकातली एक गोष्ट मोलाची आहे. त्याने राहणीला आहाराच्या पंक्तीत बसवले. सिगारेटच्या एका झुरक्यात १ वर १४-१५ शून्ये एवढे मूलक असतात. त्यांची बरोबरी करायला कोणत्या आवळ्याची ताकद आहे? ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाने २००४ मध्ये सांगितले, की सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात. चाळिशीत सोडली तर त्यातली नऊ परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा, साठीत सोडली तरी तीन. आयुष्याची अशी घाऊक परतफेड देणारे फळ बाजारात नाही. आणि महाराष्ट्रात ‘मी सिगारेट ओढत नाही’ एवढ्यावर भागत नाही. मिश्री, जर्दा, गुटखा हेही तंबाखूच, आणि निकोटिन नाडी व दाब दोन्ही वाढवते. दारूचे तसेच. वजनाचा हिशोब सोपा आहे: साधारण एक किलो उतरले की दाब एक अंकाने उतरतो. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणाऱ्या रक्तदाबाच्या माणसाचा वरचा आकडा पाच ते आठने खाली येतो. चालताना घटकाभर मूलक वाढतात, हे वर आलेच आहे, आणि त्यातच त्याचे फळ आहे.

आता या सगळ्यातला सर्वांत भक्कम पुरावा. उत्तर चीनमधील ६०० खेडी, २०,९९५ माणसे. पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठी ओलांडलेले आणि दाब आटोक्यात नसलेले. म्हणजे बहुतेक रक्तदाबाचे रुग्ण. निम्म्या खेड्यांना नेहमीचे मीठ, निम्म्यांना बदललेले: तीन हिस्से साधे मीठ, एक हिस्सा पोटॅशियम क्लोराइड. बाकी काही नाही. सरासरी पावणेपाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. बदललेल्या मिठाच्या खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. कोणाला गाजर खायला सांगितले नाही, कोणाची सवय मोडली नाही. डब्यातले मीठ बदलले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली, ती अशा पुराव्यांच्या जोरावर.

हा पुरावा आपल्याला जवळचा का? अमेरिकेत बहुतेक मीठ पाकिटातून आणि हॉटेलातून येते, गृहिणीच्या हातात फारसे नसते. चिनी खेड्यांत आणि आपल्याकडे ते मुख्यतः घरच्या फोडणीत पडते. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. मराठी ताटाची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डाव्या बाजूला मीठ, लोणचे, पापड, चटणी. उजव्या बाजूला भाजी, वरण. सोडियम डावीकडे बसते, पोटॅशियम उजवीकडे. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो आणि तोही सोडियमचाच क्षार. कोकणात सोलकढी पथ्याची समजली जाते, पण तिच्यातले आगळ मिठात मुरवलेले असते. सुके बोंबील, खारा बांगडा यांचे तर नावच बोलते. आवळ्याचे लोणचे खाऊन अँटिऑक्सिडंट मिळाल्याचे समाधान मानणाऱ्याने त्यातल्या मिठाचाही जमाखर्च मांडावा. आणि उपवासाचे सैंधव? ते डोंगरातून येते, गुलाबी असते, पवित्र मानले जाते. पण असते जवळपास सगळे सोडियम क्लोराइडच. दाबाच्या दृष्टीने त्याच्यात आणि साध्या मिठात फरक करण्याचे कारण नाही, आयोडीन मात्र त्यात मुद्दाम घातलेले नसते.

उजव्या बाजूला काय वाढवावे, हे परदेशी यादीतून शोधायला नको. माठ, चाकवत, राजगिरा, अंबाडी, शेपू, शेवग्याचा पाला, पेरू, ज्यात संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असते, जांभूळ, केळे, कुळीथ, मटकी, ज्वारी-नाचणीची भाकरी. पालेभाजी उकडून पाणी ओतून दिले तर पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व मोरीत जाते. पातळ भाजीत ते पाणी वाटीतच राहते. आणि वडे-भजी तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवले की ऑक्सिडीकरणाने त्यात घातक द्रव्ये साचतात. अशा तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत असा देशाचा नियम आहे, पण कढईजवळ उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तेलाचा रंग आणि वास एवढीच मोजपट्टी मिळते.

शेवटी काही सावधगिरीच्या गोष्टी, कारण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी ही समजूत रक्तदाबाच्या रुग्णाला महागात पडते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही. ते साचले तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी हृदय थांबते. दाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम धरून ठेवतात. अशांनी बदललेले मीठ, नारळपाणी, केळी यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. चिनी खेड्यांतल्या चाचणीतही अशी माणसे वगळलेली होती. ग्रेपफ्रूट हे फळ अँटिऑक्सिडंटने भरलेले, पण फेलोडिपिनसारख्या दाबाच्या गोळीची रक्तातली मात्रा ते कितीतरी वाढवते; त्याच कुळातल्या आपल्या पपनसातही तसली द्रव्ये आहेत. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजी सोडू नये, पण एक दिवस जुडी आणि आठवडाभर काहीच नाही असेही करू नये. तिच्यातले के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करते. आणि ज्येष्ठमध. घसा बसला की काढ्यात, एरवी विड्यात, चघळायच्या गोळ्यांत. त्यातले ग्लायसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर घालवते आणि दाब वाढवते. आकडा का चढला याचा शोध घेताना डॉक्टर गोळ्यांची नावे विचारतात. रुग्ण ती सांगतो. तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या काढ्याचे सांगायचे राहून जाते.